न्यायमूर्ती फ्लॉरेन्स अ‍ॅलन

न्यायालय म्हटले की एक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. उंच आसनावर गंभीर मुद्रेने बसलेले न्यायाधीश, समोर वाद घालणारे वकील, एका बाजूस मान खाली घातलेला आरोपी, आणि निकालाकडे कान लावून बसलेली दोन्ही पक्षांची माणसे. त्या उंच आसनावर आज एखादी स्त्री बसलेली दिसली, तर कोणालाही नवल वाटत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तशी कल्पनाही लोकांस विचित्र वाटत असे. स्त्रीचे मन कोमल; तिला गुन्हेगारास कठोर शिक्षा कशी सांगवेल? कायद्याची किचकट कलमे तिला कशी उलगडतील? असे प्रश्न शहाणीसुरती माणसेही विचारीत. या प्रश्नांचे उत्तर भाषणांनी देता येण्यासारखे नव्हते. कोणीतरी त्या आसनावर बसून, रोजचे काम चोख करूनच ते द्यावयास हवे होते. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या न्यायाधीश फ्लॉरेन्स एलिनवूड अ‍ॅलन यांनी ते उत्तर दिले.

फ्लॉरेन्सचा जन्म २३ मार्च १८८४ रोजी यूटा प्रांतातील सॉल्ट लेक सिटी या गावी झाला. हा प्रदेश डोंगरांनी वेढलेला आहे. तिचे वडील क्लॅरेन्स अ‍ॅलन हे ग्रीक व लॅटिन या प्राचीन भाषांचे जाणकार होते. मुलीस त्यांनी लहानपणीच या भाषांचे धडे दिले. आई कॉरिन याही उच्च शिक्षण घेतलेल्या होत्या. मुलींसाठी नव्याने निघालेल्या स्मिथ महाविद्यालयात अगदी आरंभी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. घरात पुस्तके होती, संगीत होते आणि सार्वजनिक प्रश्नांची चर्चाही होती.

सन १८९६ मध्ये यूटा हे अमेरिकेच्या संघराज्यातील एक राज्य बनले. आपल्या देशात जशी निरनिराळी राज्ये मिळून भारताचे संघराज्य झाले आहे, तशीच रचना अमेरिकेतही आहे. मात्र तेथील प्रत्येक राज्यास स्वतःची वेगळी राज्यघटना असते. यूटाच्या नव्या राज्यघटनेने स्त्रियांना मताचा अधिकार दिला. फ्लॉरेन्सचे वडील त्या राज्यातर्फे देशाच्या लोकसभागृहात बसणारे पहिले प्रतिनिधी ठरले. फ्लॉरेन्स त्या वेळी अकरा वर्षांची होती. स्त्रियांनीही पुरुषांप्रमाणे मत द्यावे, यात तिला लहानपणापासून काही आगळे वाटले नाही. ही गोष्ट देशातील बहुतेक राज्यांत नाकारली जाते, हे तिला पुढे कळले. आणि तो अनुभव तिच्या मनास बोचत राहिला.

तथापि तिचे पहिले वेड कायद्याचे नव्हते, ते संगीताचे होते. पियानो वाजविण्यात तिची बोटे तरबेज झाली होती. ओहायोतील क्लीव्हलँड शहरी वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या स्त्रियांच्या महाविद्यालयातून ती १९०४ साली पदवीधर झाली आणि संगीताच्या पुढील अभ्यासासाठी जर्मनीतील बर्लिन येथे गेली. मोठमोठ्या सभागृहांतून आपण पियानो वाजवावा, हे तिचे स्वप्न होते. परंतु नसेला दुखापत झाल्यामुळे ते स्वप्न भंगले. तासन्‌तास सराव करणे तिला अशक्य झाले. विशीतल्या तरुणीवर हा केवढा आघात! पण ती खचून बसली नाही. ती क्लीव्हलँडला परतली आणि तेथील एका मोठ्या वृत्तपत्रात संगीताच्या कार्यक्रमांवर परीक्षणे लिहू लागली. त्याबरोबरच तिने राज्यशास्त्राचा अभ्यास आरंभिला व १९०८ साली त्या विषयाची एम.ए. पदवी मिळविली.

राज्यशास्त्राचा अभ्यास करताना कायद्याविषयी तिच्या मनात गोडी उत्पन्न झाली. समाजातील माणसांचे हक्क शेवटी कायद्याच्या शब्दांत बांधलेले असतात. ते शब्द ज्यास वाचता येतात, त्यास दुबळ्यांच्या बाजूने उभे राहता येते, ही गोष्ट तिला पटली. परंतु ज्या विद्यापीठाची ती पदवीधर होती, त्याच विद्यापीठाच्या कायद्याच्या महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश नव्हता! फ्लॉरेन्सने तक्रार करीत वेळ दवडला नाही. जेथे दार उघडे होते तेथे ती गेली. एक वर्ष शिकागो येथे आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात तिने कायद्याचा अभ्यास केला. न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा खर्च स्वतः भागवावा लागे. परदेशांतून नव्याने आलेल्या गरीब लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून झटणाऱ्या एका संस्थेचे काम ती करी. भाषा येत नाही, कायदा ठाऊक नाही, अशा माणसांना कोणीही कसे लुबाडतो, हे तिने तेथे डोळ्यांनी पाहिले. पुस्तकातील कायदा आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यामधील अंतर तिला या कामात समजले. सन १९१३ मध्ये ती कायद्याची पदवीधर झाली आणि दुसऱ्याच वर्षी क्लीव्हलँड येथे तिने वकिलीस आरंभ केला.

वकील झालेल्या अ‍ॅलनबाईंपुढे एक मोठा प्रश्न उभा होता. त्या न्यायालयात उभे राहून लोकांच्या हक्कांसाठी वाद घालू शकत होत्या. परंतु त्या स्वतः मात्र ओहायो राज्यात मत देऊ शकत नव्हत्या. ओहायोच्या मतदारांपुढे १९१२ साली आणि पुन्हा १९१४ साली स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला गेला. दोन्ही वेळा पुरुष मतदारांनी तो फेटाळला. त्या दोन्ही लढ्यांत अ‍ॅलनबाईंनी गावोगाव फिरून, चौकाचौकांत उभे राहून भाषणे केली. कोठे लोक टाळ्या वाजवीत, कोठे टवाळी करीत. त्या दोहोंस सारख्याच शांतपणे सामोऱ्या जात.

दोन पराभवांनंतर त्यांनी कायद्याचा मार्ग चोखाळला. ओहायोच्या राज्यघटनेने शहरांना आपला कारभार आपण पाहण्याचे बरेच स्वातंत्र्य दिले होते. ईस्ट क्लीव्हलँड या शहराने आपली सनद तयार करताना, नगराच्या निवडणुकांत स्त्रियांनाही मत देता येईल, असे कलम त्यात घातले. हे कलम कायदेशीर आहे की नाही, असा वाद निघाला. अ‍ॅलनबाईंनी शहराची बाजू राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. राज्याच्या व देशाच्या निवडणुकांचा प्रश्न निराळा. पण आपल्या गावचे दिवे, पाणी आणि रस्ते यांचा कारभार कोणी पाहावा हे ठरविताना कोणाचे मत घ्यावे, हे त्या शहरास ठरविता येते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सन १९१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. ज्या न्यायालयापुढे त्या वकील म्हणून उभ्या राहिल्या, त्याच न्यायालयात पाच-सहा वर्षांनी आपण न्यायाधीश म्हणून बसू, असे त्या दिवशी त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

पुढे १९१९ साली त्या क्लीव्हलँडचा ज्या जिल्ह्यात समावेश होतो, त्या जिल्ह्याच्या सहायक सरकारी वकील झाल्या. सन १९२० च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या राज्यघटनेत एकोणिसावी दुरुस्ती झाली आणि स्त्रियांना देशभर मताचा अधिकार मिळाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी ओहायोत न्यायाधीशांच्या निवडणुका व्हावयाच्या होत्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या देशात न्यायाधीश निवडणुकीने नेमले जात नाहीत. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र लोक मते देऊन न्यायाधीश निवडतात. अ‍ॅलनबाईंनी या निवडणुकीस उभे राहण्याचे ठरविले. पक्षांनी आपले उमेदवार आधीच ठरविले होते. तेव्हा मतदारांच्या सह्यांचा अर्ज करूनच त्यांना उभे राहता येणार होते. मताधिकाराच्या लढ्यातील त्यांच्या मैत्रिणी घरोघर फिरल्या आणि त्यांनी त्या सह्या गोळा केल्या. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. अ‍ॅलनबाई निवडून आल्या. दिवाणी आणि फौजदारी असे सर्व तऱ्हेचे खटले चालविणाऱ्या न्यायालयावर निवडून आलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री न्यायाधीश होत.

आता खरी कसोटी लागणार होती. न्यायालयातील इतर न्यायाधीशांनी एक सूचना केली. नवरा-बायकोंच्या घटस्फोटाचे दावे तेवढे एका शाखेत एकत्र करावेत आणि ती शाखा अ‍ॅलनबाईंकडे द्यावी. वरवर पाहता ही सूचना सोयीची होती. पण तिचा अर्थ अ‍ॅलनबाईंनी तत्काळ ओळखला. स्त्रीने घरगुती भांडणे मिटवावीत आणि मोठे खटले पुरुषांनी चालवावेत, असा तो अर्थ होता. त्यांनी रागावून उत्तर दिले नाही. आपण अविवाहित आहोत, आपले सहकारी न्यायाधीश संसारी आहेत. तेव्हा संसारातील तंट्यांचा निवाडा करण्यास तेच अधिक योग्य होत, असे त्यांनी मिस्कीलपणे सांगितले! ती सूचना तेथेच थांबली. इतर न्यायाधीशांच्या वाट्यास येत, तेच सर्व खटले अ‍ॅलनबाईंच्याही वाट्यास येऊ लागले.

त्यांनी सवलत मागितली नाही, तसा बाजूचा कोपराही स्वीकारला नाही. यात केवळ स्वाभिमानाचा प्रश्न नव्हता. जो माणूस एखाद्या स्थानी पहिल्याने जातो, त्याच्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. एखाद्या पुरुष न्यायाधीशाची चूक झाली, तर लोक ती त्या एका माणसाची चूक समजतात. अ‍ॅलनबाईंची चूक झाली असती, तर स्त्रियांना हे काम जमत नाही, असे लोकांनी म्हटले असते. त्यांच्या मागून येणाऱ्या कित्येक मुलींची वाट त्या एका चुकीने अडली असती.

लवकरच दोन कठीण खटले त्यांच्यापुढे आले. कामगारांच्या पगाराची रक्कम घेऊन जाणाऱ्या दोघांचा दरोडेखोरांनी खून केला होता. त्यातील एका आरोपीचा खटला १९२१ साली अ‍ॅलनबाईंपुढे चालला. पंचांनी त्यास दोषी ठरविले. अशा गुन्ह्यास तेथील कायद्याप्रमाणे मृत्यूची शिक्षा होती. न्यायाधीशास जिवे मारण्याची धमकी देणारे पत्रही आले. अ‍ॅलनबाईंनी कायद्याप्रमाणे शिक्षा सांगितली. माणसाच्या मृत्यूची आज्ञा उच्चारताना कोणत्याही सहृदय मनुष्याचे मन हेलावल्यावाचून राहत नाही. पण न्यायासनावर बसणाऱ्यास आपल्या भीतीने अगर आपल्या मनाच्या दुःखाने कायदा वाकविता येत नाही.

दुसरा खटला निराळ्या तऱ्हेने अवघड होता. त्यातील आरोपी कोणी सामान्य गुन्हेगार नव्हता. क्लीव्हलँड नगराच्या न्यायालयातील तो स्वतः मुख्य न्यायाधीश होता! न्यायालयात शपथेवर खोटे बोलल्याचा आरोप त्याच्यावर होता. गुन्हा सिद्ध झाला आणि अ‍ॅलनबाईंनी त्यास कारावासाची शिक्षा सांगितली. दरोडेखोर असो वा न्यायाधीश असो, कायद्यापुढे दोघेही सारखेच, हे क्लीव्हलँडच्या लोकांनी एकाच वर्षात पाहिले.

परंतु अशा गाजलेल्या खटल्यांपेक्षाही अ‍ॅलनबाईंचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे अधिक होते. न्यायालयात दाव्यांचे ढीग साचलेले असत. एखादा मजूर कामावर जखमी होई आणि भरपाईचा दावा लावी. पण त्याची सुनावणी होण्यास फार काळ लागे. तारखेमागून तारखा पडत. साक्षीदार गाव सोडून जात, काही मरणही पावत. श्रीमंतास थांबणे परवडते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आहे, त्यास ते परवडत नाही. उशिराने मिळालेला न्याय अशा माणसाच्या काय उपयोगाचा? म्हणून खटल्यांची वाटणी एका ठिकाणाहून नीट व्हावी आणि कोणत्याही न्यायाधीशाचा वेळ रिकामा जाऊ नये, यासाठी त्यांनी आग्रह धरला. स्वतः त्यांनी दोन वर्षांत शेकडो खटले निकालात काढले. वर्तमानपत्रांत या कामाचा फारसा गाजावाजा होत नसे. परंतु ज्याचा दावा वेळेवर निकालात निघाला, त्या माणसास त्याचे मोल ठाऊक होते.

या कामाचे फळ लवकरच दिसले. सन १९२२ मध्ये अ‍ॅलनबाई ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. आता मते केवळ एका जिल्ह्याची नव्हे, तर साऱ्या राज्याची मिळवावयाची होती. या वेळीही त्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवार नव्हत्या. मताधिकाराच्या लढ्यातील मैत्रिणींनी गावोगाव त्यांच्यासाठी मंडळे स्थापन केली. त्या निवडून आल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आलेली स्त्री अमेरिकेत याआधी एकही नव्हती. तेथील न्यायाधीशाची मुदत सहा वर्षांची असते. ती संपताच १९२८ साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडले, आणि तेही पूर्वीपेक्षा किती तरी अधिक मतांनी. पहिल्या वेळी कित्येकांनी स्त्रीस मत दिले असेल; दुसऱ्या वेळी लोकांनी चांगल्या न्यायाधीशास मत दिले.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे काम खालच्या न्यायालयाहून वेगळे असते. तेथे साक्षीदारांच्या साक्षी होत नाहीत, पंच बसत नाहीत. खालच्या न्यायालयात काय घडले, त्याचे कागद न्यायाधीश वाचतात, दोन्ही बाजूंच्या वकिलांचे म्हणणे ऐकतात, आणि कायद्याचा अर्थ बरोबर लावला गेला की नाही, हे ठरवितात. ओहायोत एक मुख्य न्यायाधीश आणि सहा न्यायाधीश असे सात जण एकत्र बसत. एखाद्या प्रश्नावर सर्वांचे एकमत न झाल्यास बहुमताने निर्णय होई. एक न्यायाधीश निकालपत्र लिही, आणि ज्यास तो निकाल पटला नसेल तो आपले भिन्न मत लिहून ठेवी. त्या काळी ओहायोत आणखी एक कडक नियम होता. विधिमंडळाने केलेला एखादा कायदा घटनेविरुद्ध आहे म्हणून तो रद्द करावयाचा, तर बहुधा सातांपैकी निदान सहा न्यायाधीशांची संमती लागे. लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा सहजासहजी मोडला जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. अशा मंडळात प्रत्येकाच्या अभ्यासाची कसोटी लागते. तेथे आवाज चढवून भागत नाही. कागदावर लिहिलेला विचारच टिकतो. अ‍ॅलनबाई त्या सात जणांत अकरा वर्षांहून अधिक काळ बसल्या.

सन १९३४ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांची नेमणूक संघराज्याच्या अपील न्यायालयावर केली. ओहायो, मिशिगन, केंटकी आणि टेनेसी या चार राज्यांतील अपिले या न्यायालयापुढे येत. अशा न्यायालयावर नेमलेल्या त्या पहिल्याच स्त्री. टेनेसी नदीवर धरणे बांधून सरकारने वीज निर्माण करावी व विकावी की नाही, या प्रश्नावर अनेक वीज कंपन्यांनी मोठा खटला भरला होता. तीन न्यायाधीशांपुढे तो चालला आणि अ‍ॅलनबाई त्यांच्या प्रमुख होत्या. सन १९३८ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल लागला, आणि पुढच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला. याच टेनेसी योजनेचा आदर्श पुढे ठेवून १९४८ साली आपल्या देशात दामोदर खोऱ्याची योजना उभारण्यात आली.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर अ‍ॅलनबाईंची नेमणूक व्हावी, अशी सूचना अनेकदा पुढे आली. परंतु तो मान त्यांना मिळाला नाही. एकामागून एक जागा रिकाम्या झाल्या आणि प्रत्येक वेळी पुरुषांचीच निवड झाली. तरी त्यांच्या कामात कडवटपणा आला नाही. सन १९५८ मध्ये त्या आपल्या अपील न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या आणि १९५९ साली त्यांनी निवृत्ती घेतली. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी ‘न्यायाने वागावे’ अशा अर्थाचे नाव दिले. ते १९६५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी, १२ सप्टेंबर १९६६ रोजी, त्यांचे ओहायोतच निधन झाले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८१ साली, सँड्रा डे ओकॉनर या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलेल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. त्याही आधी अ‍ॅरिझोना या राज्यातील न्यायालयात न्यायाधीश होत्या. ज्या दारापर्यंत अ‍ॅलनबाई पोहोचल्या पण ज्यातून त्यांना आत जाता आले नाही, ते दार अशा रीतीने उघडले.

पियानोवर फिरणारी बोटे थांबली, तेव्हा अ‍ॅलनबाईंनी लेखणी हाती घेतली. एका महाविद्यालयाने प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी दुसऱ्याचे दार ठोठावले. मतदारांनी दोनदा नकार दिला, तेव्हा त्या न्यायालयात उभ्या राहिल्या. आणि न्यायासन मिळाल्यावर त्यांनी सोपे काम मागितले नाही. सर्वांच्या वाट्याचे काम मागितले. स्त्री न्यायदान करू शकेल काय, या प्रश्नावर त्यांनी क्वचितच वाद घातला असेल. पण दाव्याच्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या मजुराचे प्रकरण ज्या दिवशी त्यांनी वेळेवर निकालात काढले, त्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर मिळून गेले होते.